चार नंबरची गिरजा

गिरजा भेरे भगीरथच्या शेडमध्ये कामाला लागली तेव्हा चाळिशीला टेकली होती, आणि त्याआधी तिनं शेतातली सोडून दुसरी कुठलीच मजुरी केली नव्हती. आटगाव स्टेशनच्या पलीकडे, हायवेच्या अंगाला, भगीरथ विशे या गावातल्याच माणसानं पत्र्याची शेड उभी केली होती. भगीरथनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता, ठाण्याला एका कंपनीत बरीच वर्षं काढली होती आणि दुसऱ्याच्या हाताखाली किती दिवस राबायचं, म्हणून तो परत आला होता. परत आल्यावर त्याच्या हाताखाली गावातल्या सात बायका राबू लागल्या.

काम दिसायला सोपं. बारक्या डब्यांत बसवलेली सर्किटं बाहेरून यायची. त्यांवर रेझिन कालवून ओतायचं, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि सुकेपर्यंत हात लावायचा नाही. बुडबुडा राहिला की पुढे तिथूनच पाणी शिरतं. गिरजाच्या डब्यांत बुडबुडे राहत नसत असं नाही. इतर बायकांइतकेच राहायचे. पण राहिला की ती तसं सांगायची. बाकीच्या जणी डबी उलटी करून ठेवायच्या. एवढ्या एका गुणावर भगीरथनं तिला मुकादम केलं. पगार तोच राहिला.

घरी नवरा कोंडू होता. भाताची शेती, विहिरीवर थोडी भेंडी आणि बोलण्याची दांडगी हौस. एकुलती एक मुलगी अनिता शहापूरला शिवणकाम शिकायला जायची. शिवणवर्गाच्या खाली सायकलचं दुकान होतं आणि त्या दुकानात दीपेश कामाला होता. दीपेश धसईच्या पुढचा, डोंगराच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतला. अनितानं त्याच्याशी लग्न केलं आणि मगच घरी कळवलं. कोंडूनं चार लोकांसमोर जाहीर केलं, "तिचं नाव या घरात निघता कामा नाय. आन जो कोन तिच्या उंबऱ्याला जाईल, त्यानं माझ्या उंबऱ्याला परत यायचं नाय."

यात गावाची मोठी पंचाईत झाली. गिरजाला सगळं गाव 'अनिताची आई' म्हणून हाक मारायचं. आता ते नाव बंद. कुणी 'वहिनी' म्हणू लागलं, कुणी नुसतं 'ए बाय'. कोंडू स्वतः तिला वीस वर्षं 'अनिताची आई' म्हणत आला होता; तो 'आयकलं का' म्हणू लागला. ऐकायला घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून भागलं.

गिरजानं नवऱ्याच्या शब्दाला विरोध केला नाही. ती दर रविवारी सकाळच्या एसटीनं धसईला जायला लागली. धसईला तिची पारूमावशी राहायची. पारूमावशी थकलेली होती, तिला न्हाऊ घालायला कुणीतरी हवंच होतं, त्यामुळे हे काही खोटं नव्हतं, अपुरं होतं. मावशीला न्हाऊ घालून झालं की गिरजा पायवाटेनं डोंगराकडे निघायची, दुपार अनिताकडे घालवायची आणि संध्याकाळी परत यायची. येताना धसईची मिरची आणायची. कोंडूला ती मिरची आवडायची. अशी तीन वर्षं गेली.

नव्याण्णव सालच्या मार्चमध्ये भगीरथला परदेशातून काम मिळालं. समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास करणारी कुठलीशी संस्था होती. भगीरथनं सातही जणींना गोळा करून समजावलं.

"सील म्हणून एक प्राणी असतो. पाण्यातला कुत्राच म्हणा, पण अंगानं रेड्यापेक्षा मोठा. पाय नाहीत, वल्ह्यासारखे पंखे आहेत. दक्षिण ध्रुवावर बर्फात राहतो. आपली ही डबी त्याच्या पाठीवरच्या केसांना चिकटवणार. मग तो समुद्रात कुठं जातो, ते वरून उपग्रह सांगणार."

गिरजाच्या शेजारी बसणाऱ्या जिवलीला गप्प राहणं जमत नसे. विधवा बाई, दोन घरं सोडून राहणारी. तिनं विचारलं, "त्यानं यांचं काय चोरलंय का?"

"चोरलं नाही. संशोधन आहे."

"मंग तो जातो तिकडं जाऊ द्या की."

भगीरथनं पुढे सांगितलं, की डबी ठरावीक वेळानं आकाशाकडे हाक मारते. वरून जाणारा उपग्रह ती हाक ऐकतो आणि डबी कुठं आहे त्याचा हिशोब करतो. पाण्याखालून हाक वर जात नाही, मग बॅटरी फुकट जाते. म्हणून डबीच्या बाजूला स्टीलचे दोन खिळे ठेवलेत. सील बुडाला की समुद्राचं खारं पाणी त्या दोन खिळ्यांना जोडतं, आणि डबी गप्प बसते. वर आला की पुन्हा बोलते. वर्षाकाठी सीलचे केस झडतात, तेव्हा डबीही गळून पडते आणि संशोधन संपतं.

थंडीची चाचणी शहापुरातल्या एका कुल्फीवाल्याच्या फ्रीजरमध्ये झाली. हंगाम सुरू झाला होता, त्यामुळे कुल्फीवाल्यानं ध्रुवप्रदेशाला फार दिवस जागा दिली नाही. मग संस्थेनं कळवलं, की आता या डब्या महिनाभर एखाद्या हलत्याचालत्या प्राण्याच्या अंगावर चालवून बघा. भगीरथनं आधी बकरीच्या गळ्यात बांधून पाहिली. बकरीनं पट्टा खाल्ला. मग रेडा झाला. रेडा चिखलात लोळला. शेवटी त्याची नजर शेडमधल्या सात बायकांवर गेली. त्या रोज येत होत्या, जात होत्या, पट्टा खात नव्हत्या. परदेशात त्यानं नेमकं काय कळवलं कोण जाणे. 'सात प्रौढ माद्या' असंच काहीतरी लिहिलं असावं, कारण तिकडून कुणी आक्षेप घेतला नाही.

कापडी पट्ट्यात शिवलेली डबी कमरेला आली. कुणी मध्येच सोडून ठेवू नये म्हणून गाठीवर शिशाचं सील मारलं होतं. सीलच्या डबीला सील, यावर जिवली दोन दिवस हसत होती. गिरजाच्या डबीचा नंबर चार.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. एप्रिलच्या उन्हात बायकांना घाम सुटला, घामानं दोन खिळे जोडले गेले आणि आटगावचे सगळे सील भरदुपारी पाण्यात बुडाले. भगीरथ ओरडला, "अहो, घाम पुसत जा! खारट काही लागलं की ती मुकी होते."

गिरजानं पदरानं घाम पुसला आणि हे वाक्य मनात ठेवलं.

तिला कळायचं ते कळलं होतं. दर सोमवारी फॅक्सवर नकाशा येणार होता, त्यावर प्रत्येकीचे ठिपके असणार होते आणि भगीरथ तो मोठा करून शेडच्या दाराशी फळ्यावर लावणार होता. आणि कोंडू रोज संध्याकाळी तिच्या कमरेचा पट्टा तपासत होता. संशयानं नव्हे, अभिमानानं. चहाच्या टपरीवर तो सांगायचा, "आमच्या घरावर उपग्रहाची नजर हाय. मंत्र्याच्या घरावर नसंल."

शनिवारी रात्री तिनं खारातल्या कैऱ्यांच्या बरणीत एक फडकं बुडवलं आणि जेवणाच्या डब्यात भरून घेतलं. रविवारी धसईला मावशीचं आटोपून ती निघाली, तेव्हा ते ओलं फडकं पट्ट्याच्या आत, दोन खिळ्यांवर नीट बसवलं. डबी मुकी झाली. गिरजा डोंगराच्या वाटेला लागली. संध्याकाळी परत धसईत येऊन तिनं फडकं काढलं, खिळे पुसले आणि एसटी पकडली. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "लोणचं आणलंस काय गो?"

सोमवारी फळ्यावर चार नंबर रविवारी सकाळी धसईला होता आणि संध्याकाळीही धसईला होता. मधल्या वेळेत काही नव्हतं. कोंडूनं बोटानं ठिपके दाखवत चारचौघांना सांगितलं, "ही बगा, मावशीकडं. अगदी मावशीच्या दाराशी टेकवलंय." त्याच नकाशात जिवली भातसा धरणाच्या मधोमध होती. त्यावर सगळे हसले. जिवली म्हणाली, "मला पोहता येतं ते मला आजच कळलं." भगीरथ म्हणाला, थोडं इकडंतिकडं होतं. त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

कोंडू मात्र नकाशाच्या नादालाच लागला. सोमवारी तो शेत सोडून शेडच्या दाराशी उभा राहायचा. भगीरथनं एकदा त्याला सांगितलं, की हे उपग्रह उत्तर ध्रुवावरून दक्षिण ध्रुवाकडे फिरत असतात. ध्रुवावरून दर फेरीला जातात, आपल्याकडे मात्र दिवसातून थोड्याच वेळा येतात. कोंडूनं टपरीवर ते असं सांगितलं, की उपग्रह तिकडचं काम टाकून आपल्यासाठी वाट वाकडी करून येतो.

तिसऱ्या सोमवारी चार नंबरचा एक ठिपका हायवेवरच्या ढाब्यावर पडला. वेळ मंगळवार पहाटेची. तो ढाबा नावालाच जेवणाचा होता. तिथं ट्रकवाले थांबत आणि गावातल्या बायका त्या बाजूनं गवतालाही जात नसत. कोंडूनं ठिपका पाहिला. त्याच्या मागे उभ्या असलेल्या टपरीवरच्या लोकांनीही पाहिला. नकाशा वाचायला त्यांना कोंडूनंच शिकवलं होतं.

संध्याकाळी गिरजा तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. कोंडू येऊन दारात बसला.

"मंगळवारी पहाटं कुठं होतीस?"

"कुठं म्हंजे? घरात."

"मशीन तसं नाय सांगत."

"मशीन काय सांगतंय?"

"ढाबा."

गिरजाचा हात थांबला नाही. "आन तुमी कुठं होतात?"

"मी इथंच. झोपलेलो."

"मंग मी तुमच्या उजव्या अंगाला होते. हात लांब केला असतात तर कळलं असतं. उपग्रह लागला नसता."

"झोपलेल्या मानसाची साक्ष धरत नाय," कोंडू म्हणाला. "वरनं बगनारा जागा असतो."

गिरजानं भाकरी तव्यावर टाकली. तिला राग आला, पण आपण नक्की कशावर रागावलोय, ते तिला लगेच उमगेना. भाकरी उलटताना उमगलं. तीन वर्षं ती या माणसाशी लपवाछपवी करत होती. त्यात त्याला कधी शंका आली नाही. आणि जी एक गोष्ट सूर्यप्रकाशाइतकी खरी होती, त्याच्या शेजारी झोपण्याची, तिच्यावर त्यानं संशय घेतला.

दुसऱ्या दिवशी ती भगीरथपुढे जाऊन उभी राहिली. "तुमच्या कागदानं मला ढाब्यावर बसवलंय."

भगीरथ खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, ते चुकलंय. ठिपक्याच्या बाजूला बारीक आकडा किंवा अक्षर असतं. आकडा म्हणजे ठिपका बराच बरोबर. अक्षर म्हणजे अंदाजपंचे. मी मोठा करून काढताना ते लिहीत नव्हतो. कागद भरून जातो."

"मंग हे आमच्या मानसाला सांगा."

"सांगतो. पण माझं मशीन चुकतं, असं माझ्याच दारात मोठ्यानं कसं सांगू? पुढचं काम मिळायचंय."

त्यानं कोंडूला बाजूला घेऊन हळू सांगितलं, "कोंडूदादा, थोडं इकडंतिकडं होतं."

"थोडं म्हंजे कुठवर? ढाब्यापरेंत?"

"होऊ शकतं."

"आन धसईचं?"

"धसईचं एकदम बरोबर आहे. ते ठिपके चांगले आहेत."

कोंडूनं यातून एवढंच घेतलं, की मशीन धसईला बरोबर असेल तर ढाब्याला चुकायचं कारण नाही. तेव्हापासून तो रात्री जागं राहून पहारा करायला लागला आणि रोज गिरजाच्या आधी झोपी जाऊ लागला. विहिरीवर बायका गिरजा आली की विषय बदलत. जिवली एकटी मोठ्यानं म्हणायची, "मी दर आठवड्याला धरणात बुडतेय, माझी चौकशी कुनाला नाय. हिचा एक ठिपका सरकला तर सगळ्या गावाला ताप."

गिरजा रविवारी नेमानं धसईला जात राहिली. फडक्याला खार जरा जास्तच लावू लागली.

मे महिन्यात संस्थेच्या बाई आल्या. उंच, उन्हानं लाल झालेल्या, पायात जाड बूट. भगीरथनं फळ्यावरचे सगळे नकाशे लावले, खुर्च्या मांडल्या, सातही जणींना ओळीत उभं केलं. कोंडूला कुणी बोलावलं नव्हतं, तो होताच. बाईंचं बोलणं भगीरथ मराठीत सांगत होता. बाईंनी काही विचारायच्या आधीच कोंडूनं पुढे होऊन ढाब्यावर बोट ठेवलं.

"इचार त्यांना. हा ठिपका खरा का खोटा?"

बाईंनी मूळ फॅक्स मागवला, चष्मा वर केला आणि लगेच मान हलवली. भगीरथला सांगावंच लागलं. "हा वाईट ठिपका आहे म्हणतायत. उपग्रहाला त्या वेळी हाक एखाद-दुसऱ्या वेळीच ऐकू आली. मग तो अंदाजानं ठिपका टाकतो. त्यांचा एक सील असाच एकदा डोंगराच्या माथ्यावर दाखवला होता. असे ठिपके त्या काढून टाकतात."

"काढून टाकला म्हंजे ही तिथं गेलीच नवती?"

"नव्हती गेली."

ओळीतून गिरजा म्हणाली, "यांनी कागदावरनं काढला. गावातनं कोन काढनार?"

भगीरथनं याचं भाषांतर केलं नाही.

कोंडूनं खांदे सैल सोडले. घाम पुसला. तो हसायच्या बेतात होता, एवढ्यात बाई उत्साहानं दुसरंच काही सांगू लागल्या. भगीरथ ऐकत गेला आणि त्याचा चेहरा गोंधळला. "त्या म्हणतायत, सातांत चार नंबर सगळ्यांत चांगला. बाकीच्या डब्या घामानं मध्येच बंद, मध्येच चालू. चार नंबर मात्र दर रविवारी सकाळी एकदम गप्प होतो आणि संध्याकाळी एकदम बोलायला लागतो. अगदी जातिवंत सीलसारखा. एवढी लांब बुडी कशी मारली, ते त्यांना हवंय. कोण आहे चार नंबर?"

सहा बायकांनी गिरजाकडे पाहिलं. कोंडूनंही पाहिलं.

गिरजाला वाटलं असतं तर ती घाम म्हणून सांगू शकली असती. पण ढाब्याच्या खोट्यानं तिचा महिना खाल्ला होता, आणि अजून एक खोटं त्यावर रचायचा तिला कंटाळा आला. "कैरीच्या खारात फडकं भिजवून लावत होते," ती म्हणाली.

"का?" भगीरथनं स्वतःच विचारलं.

"धसईच्या पुढं जात होते म्हनून. अनिताकडं. तीन वरसं जातेय."

नाव शेडमध्ये मोठ्यानं उच्चारलं गेलं. बाईंनी एवढंच विचारलं, की खार म्हणजे काय. जिवलीनं आपल्या जेवणाच्या डब्यातली खारातली कैरी त्यांच्या हातावर ठेवली. बाईंनी चावा घेतला, डोळे मिटले आणि भगीरथला सांगितलं, की अजून एक आठवडा चार नंबर चालवा, या वेळी फडक्याशिवाय. ही बाई जिथं जाते तिथं जाऊ द्या. डोंगराजवळ ठिपके किती चुकतात, ते बघायचंय.

घरी जाताना कोंडू पुढे आणि गिरजा मागे चालत होती. चालता चालता तो म्हणाला, "म्हंजे ढाब्यावर नवती गेलीस."

"नाय."

"तिकडं जात होतीस."

"हो."

"ढाबा बरा होता," कोंडू म्हणाला.

गिरजा वाटेतच थांबली. दार समोर दिसत होतं. "मंग आताच सांगा. मी तिच्या उंबऱ्याला गेलेय. या उंबऱ्यात येऊ का भायेरच ऱ्हाऊ?"

कोंडूनं दाराकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आभाळाकडेही पाहिलं. तिकडून काही मदत आली नाही. "आदी भात लाव," तो म्हणाला. "भूक लागलीय."

त्या रविवारी गिरजा कोरड्या पट्ट्यानं गेली. आता ते काम होतं, परदेशातून आलेलं. त्याला कोंडू हरकत घेऊ शकत नव्हता. अनितानं विचारलं, "आये, आज लोणच्याचा वास नाय येत?" गिरजानं सगळं सांगितलं तेव्हा दीपेश पोट धरून हसला आणि अनिता रडली. मग अनिता हसू लागली आणि दीपेशचे डोळे ओले झाले.

सोमवारी नकाशा आला तेव्हा कोंडू भगीरथच्या आधी शेडवर हजर होता. डोंगराच्या बाजूला चार नंबरचे तीन ठिपके होते. एक ओढ्यात, एक भलत्याच गावाच्या हद्दीत आणि एक थेट सिद्धगडाच्या रानात. या वेळी भगीरथनं बाजूला अक्षरंही लिहिली होती.

कोंडूनं तिन्ही ठिपक्यांवरून बोट फिरवलं. इकडचे तिकडचे दोन शब्द बोलला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "यातलं घर कुठलं?"

"सांगता येत नाही, दादा. डोंगर आड येतो. तिन्ही अक्षराचेच आहेत."

"एवढं वर नेऊन ठेवलंय, आन घर दिसत नाय?"

"त्याला घर बघायचं नसतंच. सील बघायचा असतो. अजून ठिपके मिळाले तर अंदाज येईल."

कोंडू दोन दिवस विचारात होता. बुधवारी रात्री जेवताना म्हणाला, "ती डबी जड हाय. तुला उनातानात त्रास होतो. या रविवारी मी बांधून जातो."

"कुठं?"

"कामासाठी. मशीन तपासाय."

गिरजानं त्याच्या ताटात भात वाढला. "वाट मला ठाऊक हाय. मी पन येते, मावशीला न्हाऊ घालायचंय."

भगीरथनं आपल्या हातानं सील तोडून पट्टा कोंडूच्या कमरेला बांधला. रविवारी दोघं धसईला उतरली. मावशीकडे थांबून, पायवाटेनं चढून, ती दुपारच्या आत वाडीवर पोचली. कुडाचं घर, पुढे शेणानं सारवलेलं अंगण, मोहाच्या झाडाखाली बाज. अनिता दारात उभी होती. तिच्या कडेवर दीड वर्षाची रुपा होती, जिच्याबद्दल कोंडूला कुणी काही सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं तर नाव घ्यावं लागलं असतं.

कोंडू उंबऱ्याशी गेला नाही. तो बाजेवर बसला, पट्टा नीट केला आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "मी कामाला आलोय. उपग्रह डोक्यावरनं जाईस्तवर बसाय लागंल."

दीपेश पाण्याचा तांब्या घेऊन आला. "मामा, कवा जातो तो?"

"सांगता येत नाय. जातो तवा जातो."

"मंग जेवूनच घ्या."

कोंडूनं आभाळाकडे पाहिलं. उपग्रह दिसण्यातला नव्हता. "आता बसाय लागनारच हाय, तर घेऊ," तो म्हणाला.

जेवण बाजेवरच झालं. नाचणीची भाकरी, सुकट आणि कांदा. कोंडूनं भाकरी दोनदा मागून घेतली. रुपा येऊन त्याच्या कमरेच्या डबीला हात लावू लागली. "हात नको लावू," तो म्हणाला, "तिकडं साहेबाला वाटंल सील वेडा झाला." पोरगी हसली आणि डबी ओढतच राहिली. त्यानं तिला अडवलं नाही. अनिता दारातून बघत होती. मग तिनं विचारलं, "बाबा, चा ठेवू?"

कोंडूनं उत्तर दिलं ते गिरजाला उद्देशून. "आयकलं का, ती चा इचारतेय."

"मी काय सांगू? तुमाला इचारतेय."

"ठेव," कोंडू म्हणाला. कुणाला, ते स्पष्ट झालं नाही. चहा झाला.

उन्हं उतरली तरी उपग्रह गेला की नाही, ते कुणालाच कळलं नव्हतं. कोंडूचं मत पडलं, की नसेलच गेला. शेवटची एसटी चुकली. ती दोघं वाडीवरच राहिली.

जूनमध्ये सातही डब्या परदेशी गेल्या. वर्षाअखेरीस भगीरथकडे फॅक्स आला, की चार नंबर दक्षिण ध्रुवाजवळ एका मादी सीलच्या पाठीवर बसवली आहे आणि छान चालते आहे. पुढे अधूनमधून तिची खबर यायची. बर्फाच्या कडेकडेनं कुठच्या कुठं जायची ती. कोंडू टपरीवर सांगायचा, "आमची आता बर्फाखाली हाय." मग केस झडायचा हंगाम आला आणि खबर थांबली. गिरजानं ऐकून एवढंच म्हटलं, की बरं झालं, सुटली बिचारी.

दुसऱ्या कुणी आणखी लहान डब्या करायला सुरुवात केली आणि परदेशचं काम पुन्हा आलं नाही. भगीरथ पाण्याच्या पंपांचे स्टार्टर बनवू लागला. गिरजा मुकादमच राहिली, दोन हजार आठपर्यंत. मग गुडघे धरले तेव्हा सोडलं.

ढाब्याचा ठिपका गावातून पूर्ण कधी गेला नाही. विहिरीवरच्या एक-दोन बायका अजून म्हणत, की आग असल्याशिवाय उपग्रह कशाला बोलेल. एकदा तिनं जिवलीला सांगितलं, की या वयात ढाब्यावरचं नाव पडलं, त्यात वाईट काय, उलट लोक जरा वचकून असतात.

कोंडूनं आपली शपथ मोडली असं कधी कबूल केलं नाही. तो दर पंधरा दिवसांनी धसईच्या पुढे जायचा आणि कुणी विचारलं तर 'कामाला' म्हणायचा. काम कसलं, ते विचारायचं गावानं हळूहळू सोडून दिलं. दीपेशच्या कुडाच्या घराला विटांची भिंत घालायची ठरली तेव्हा दार कुठल्या बाजूला काढायचं, यावरून सासऱ्याचं आणि जावयाचं चांगलंच जुंपलं. कोंडू म्हणे, पश्चिमेला दार नको, पाऊस आत येतो. दीपेश म्हणे, पूर्वेला डोंगर आहे, दार उघडून काय बघायचं? दोघांचे आवाज ओढ्यापर्यंत जात होते.

गिरजा आणि अनिता अंगणात सुकट निवडत बसल्या होत्या. अनिता काळजीनं म्हणाली, "आये, ते परत अबोला धरतील काय गो?"

"भांडतायत तवर नाय धरत," गिरजा म्हणाली. "तू ही डोकी बाजूला काढ, मांजर येतंय."